कात्री आणि कथानक : ‘कीचकवध’ ते ‘उदयकाल’
(सेन्सॉरच्या काटछाटीचा साहसकथेच्या बांधणीवर होणारा परिणाम – एक ऐतिहासिक अभ्यास)

बीजसंज्ञा : नाट्यप्रयोग कायदा, सेन्सॉर मंडळ, मूकपट, प्रभात फिल्म कंपनी, ऐतिहासिक साहसपट, नमन-खेळे

प्रस्तावना

कलाकृतीवरील सरकारी नियंत्रणाचा विचार मराठीत बहुधा ‘बंदी’ या एकाच शब्दाभोवती फिरत आलेला आहे. कोणत्या नाटकावर कधी बंदी आली, कोणत्या पुस्तकाच्या प्रती जप्त झाल्या, त्याविरुद्ध कोणी आवाज उठविला, या नोंदी विपुल आहेत आणि त्या आवश्यकही आहेत. परंतु बंदीपेक्षा अधिक वेळा वापरले गेलेले आणि कमी चर्चिले गेलेले दुसरे एक साधन आहे. ते म्हणजे काटछाट. कलाकृती लोकांपुढे येऊ द्यायची, पण तिच्यातील नेमका एखादा भाग काढून घ्यायचा. वरवर पाहता हा उपाय सौम्य वाटतो. निर्मात्याचा पैसा बुडत नाही, प्रेक्षकाला करमणूक मिळते आणि सरकारवर दडपशाहीचा ठपकाही येत नाही. प्रस्तुत शोधनिबंधात मात्र असे प्रतिपादन केले आहे की, साहसकथेच्या बाबतीत काटछाट ही बंदीहून अधिक घातक ठरते. कारण बंदी कलाकृतीला अडविते, तर काटछाट तिला दुबळी करून लोकांपुढे उभी करते आणि त्या दुबळेपणाची जबाबदारी कर्त्याच्या माथी मारते.

या प्रतिपादनासाठी १९०७ ते १९३१ या कालखंडातील मराठी रंगभूमी व कोल्हापूरचा मूकपट यांतील उदाहरणे घेतली आहेत. तुलनेसाठी अलीकडच्या चिनी साहसमालिकेचा दाखला दिला असून, रत्नागिरी जिल्ह्याशी या विषयाचे जे धागे जुळतात त्यांचाही परामर्श घेतला आहे.

साहसकथेची बांधणी

साहसकथा ही मूलतः एका वचनावर उभी असते. आरंभी नायकापुढे एक ध्येय ठेवले जाते. गड घ्यायचा असतो, अपमानाचा बदला घ्यायचा असतो, लपलेली वस्तू शोधायची असते. मधला सारा भाग अडथळ्यांचा. शेवटी ते ध्येय साधते किंवा नायक त्यासाठी प्राण वेचतो. प्रेक्षकाने मधल्या दोन तासांत जो श्वास रोखून धरलेला असतो तो या शेवटच्या क्षणी सुटतो. सामाजिक नाटकातून एखादा प्रवेश वगळला तरी व्यक्तिरेखा, संवाद व वातावरण यांच्या बळावर ते तग धरू शकते. साहसकथेत तशी सोय नाही. येथे प्रत्येक प्रसंग पुढच्या प्रसंगाचे कारण असतो. भिंतीतून एक चिरा काढला तर भोक पडते. कमानीचा कळीचा दगड काढला तर कमानच खाली येते. साहसकथा ही कमानीच्या जातीची आहे.

आणि नेमका हा कळीचा दगडच परीक्षकाच्या डोळ्यांवर येतो, हे लक्षात घेणे अगत्याचे आहे. सत्ताधाऱ्याला साहसाची भीती नसते. घोडदौड, तलवारबाजी, तटावरून उड्या यांना कोणतेही सरकार सहसा हरकत घेत नाही. भीती असते ती साहसाच्या हेतूची आणि त्याच्या यशाची. म्हणून हेतू सांगणारा आरंभ आणि यश दाखविणारा शेवट यांवरच कात्री चालते. जे मागे उरते ते शारीरिक कसरतींचे प्रदर्शन.

‘कीचकवध’ : संपूर्ण राहिलेले नाटक

नाट्यप्रयोगांवर नियंत्रण आणणारा कायदा १८७६ साली झाला. युवराजांच्या कलकत्ता भेटीनिमित्त रंगलेल्या एका बंगाली प्रहसनाने सरकार चिडले होते, त्यातून हा कायदा आला. राजद्रोहात्मक, बदनामीकारक वा नीतिभ्रष्ट वाटणारा प्रयोग थांबविण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला. स्वतंत्र भारतातही तो दीर्घकाळ कायद्याच्या पुस्तकात राहिला आणि निरसन कायद्याने अखेर २०१८ च्या आरंभी रद्द झाला.

या कायद्याचा मराठीतील सर्वांत प्रसिद्ध बळी म्हणजे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘कीचकवध’. महाराष्ट्र नाटक मंडळीने १९०७ साली ते रंगभूमीवर आणले. विराटाच्या घरी अज्ञातवासात राहिलेली सैरंध्री, तिची अभिलाषा धरणारा कीचक, संयमाचा उपदेश करणारा युधिष्ठिर आणि अपमान सहन न होणारा भीम ही महाभारतातील पात्रे. पण लॉर्ड कर्झनची कारकीर्द नुकतीच अनुभवलेल्या प्रेक्षकाला कीचक कोण, सैरंध्री कोण, मवाळ कोण आणि जहाल कोण हे सांगावे लागत नव्हते. व्हॅलेंटाईन चिरोल यांनी हिंदुस्थानातील असंतोषावरील आपल्या १९१० च्या ग्रंथात या नाटकाची मुद्दाम दखल घेतली, यावरून त्याचा धसका किती होता हे दिसते.

२१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगप्रसंगी कलेक्टर जॅक्सन यांची हत्या झाली. ती करणारे अनंत लक्ष्मण कान्हेरे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्याचे. नाट्यगृहात घडलेल्या या घटनेनंतर सरकारची नजर रंगभूमीवर अधिकच कडक झाली आणि जानेवारी १९१० मध्ये ‘कीचकवध’ बंद झाले.

येथे एक बाब सहसा निसटून जाते. सरकारने ‘कीचकवधा’तून प्रवेश कापले नाहीत. तसे करणे शक्य नव्हते असे नाही. भीमाची काही भाषणे वगळून आणि शेवटचा प्रवेश बोथट करून ते चालू ठेवता आले असते. पण नाटक सबंध बंद केले गेले आणि म्हणूनच ते सबंध शिल्लक राहिले. आज ते वाचणाऱ्याला खाडिलकरांचेच नाटक वाचावयास मिळते. त्यातील गुण खाडिलकरांचे आणि दोषही त्यांचेच. युधिष्ठिर–भीम वादाची ताणलेली दोरी अखेरच्या वधाने कशी सुटते हे त्याला तपासता येते. बंदीने नाटकाचे प्रयोग हिरावले, बांधणी हिरावली नाही.

‘सैरंध्री’ : तेच कथानक, वेगळी शिक्षा

याच कथानकाचे पुढे दहा वर्षांनी काय झाले हे पाहणे उद्बोधक आहे. कोल्हापूर येथे बाबूराव पेंटर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापन केली आणि तिचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ १९२० साली पडद्यावर आला. लोकमान्य टिळकांनी हा चित्रपट पाहून पेंटरांचा ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरव केला. रत्नागिरीत जन्मलेल्या या लोकनेत्याचे निधन त्याच वर्षी १ ऑगस्टला झाले, तेव्हा या नव्या कलेला मिळालेला हा आशीर्वाद अगदी अखेरच्या दिवसांतला होय.

‘सैरंध्री’तील कीचकाच्या वधाचे दृश्य इतके अस्सल वठले होते की प्रेक्षक हादरून गेले आणि ते दृश्य पुढे चित्रपटातून काढावे लागले. कारण देण्यात आले ते भीषणतेचे, राजकारणाचे नव्हे. परंतु ज्या कथेवरचे नाटक दहा वर्षांपूर्वी बंद झाले होते त्याच कथेचा कळीचा प्रसंग पडद्यावरून नाहीसा झाला, हा परिणाम मात्र कारणाच्या स्वरूपाने बदलत नाही. सैरंध्रीचा अपमान आहे, भीमाची प्रतिज्ञा आहे, रात्रीचा संकेत आहे. आणि ज्यासाठी हे सारे रचले ते नाही.

तरीही ‘सैरंध्री’ कोसळला नाही. याचे श्रेय प्रेक्षकाला द्यावे लागते. कीचकाचे काय झाले हे महाराष्ट्रात लहान मुलालाही ठाऊक होते. कीर्तनात, पुराणात, शाळेच्या पुस्तकात त्याने ते अनेकदा ऐकले–वाचले होते. पडद्यावर जे दिसले नाही ते त्याने मनात पूर्ण करून घेतले. कथा परिचित असणे हे कात्रीविरुद्धचे मोठे कवच आहे. मात्र हे कवच प्रेक्षकाच्या अंगावर असते, कलाकृतीच्या नव्हे. ही कथा न ऐकलेल्या माणसापुढे तोच चित्रपट ठेवला तर त्याला तो अर्धवट वाटेल, आणि त्याचे तसे वाटणे चूक म्हणता येणार नाही.

फुटांत मोजलेली कथा

‘उदयकाल’कडे वळण्यापूर्वी तत्कालीन व्यवस्थेचे स्वरूप थोडक्यात पाहणे इष्ट ठरेल. सिनेमॅटोग्राफ कायदा १९१८ साली झाला आणि १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास व रंगून येथे सेन्सॉर मंडळे अस्तित्वात आली. मुंबईच्या मंडळाचे अध्यक्षपद पोलीस आयुक्तांकडे होते, यातच बरेच काही आले. चित्रपटाकडे कलाकृती म्हणून पाहण्यापेक्षा शांतताभंगाची संभाव्य जागा म्हणून पाहिले जाई. कोहिनूर कंपनीच्या ‘भक्त विदुर’ या १९२१ च्या चित्रपटात विदुराचा वेष गांधीजींची आठवण करून देणारा असल्याने त्यावर मद्रास आणि सिंध प्रांतात बंदी आली होती.

मूकपटाची लांबी फुटांत मोजत. हजार फुटांचे एक रीळ सेकंदास सोळा चित्रांच्या गतीने दाखविले तर साधारणपणे साडेसोळा मिनिटे चालते. म्हणजे शंभर फूट कापले की सुमारे पावणेदोन मिनिटे गेली. सबंध चित्रपटाच्या मानाने पावणेदोन मिनिटे ही क्षुल्लक वाटतात, आणि कागदोपत्री ती क्षुल्लकच दिसतात. पण गडावर ध्वज चढण्यास किती वेळ लागतो? काटछाटीचे मोजमाप फुटांत होते, हानीचे मोजमाप फुटांत होत नाही.

मूकपटाची आणखी एक दुर्बलता होती. त्यातील संवाद व निवेदन पाट्यांवर लिहिलेले असे. पाटी काढून दुसरी घालण्यास पुन्हा चित्रीकरण करावे लागत नसे. नट तेच, त्यांच्या ओठांची हालचाल तीच आणि शब्द मात्र वेगळे. जिथे शब्द आणि मुद्रा यांचा सांधा असा सैल असतो तेथे अर्थ बदलणे स्वस्त पडते.

‘स्वराज्याचे तोरण’चा ‘उदयकाल’

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीची स्थापना झाली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी हे तिचे संस्थापक. यांतील कलावंत मंडळी बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेली असल्यामुळे ऐतिहासिक चित्रपटाची परंपरा त्यांना घरचीच होती. पेंटरांचा ‘सिंहगड’ १९२३ चा, आणि शांतारामांच्या दिग्दर्शनाचा आरंभही ‘नेताजी पालकर’ या १९२७ च्या ऐतिहासिक पटानेच झाला होता. ‘गोपाळकृष्ण’ने प्रभातचा श्रीगणेशा झाल्यावर शिवाजी महाराजांच्या स्वराज्यस्थापनेच्या आरंभकाळावर एक मूकपट तयार करण्यात आला. त्यात महाराजांची भूमिका स्वतः शांताराम यांनी केली. चित्रपटाचे नाव होते ‘स्वराज्याचे तोरण’.

हे नाव म्हणजे नुसते शीर्षक नव्हते. मराठी माणसाच्या कानात त्याचे दोन अर्थ एकाच वेळी वाजतात. तोरणा किल्ला जिंकून महाराजांनी स्वराज्याचे तोरण बांधले असे शाळेपासून सांगितले जाते. आणि तोरण हे शुभकार्याच्या आरंभी दारावर बांधायचे असते. कार्याला आता सुरुवात झाली, घर सजले, पाहुण्यांनी यावे, असा त्याचा भाव. म्हणजे नावातच ध्येय होते आणि निमंत्रणही होते.

साल होते १९३०. लाहोर काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव केल्यानंतर २६ जानेवारीस गावोगाव ध्वज लागले होते. एप्रिलमध्ये दांडीला मीठ उचलले गेले. मे महिन्यात तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात असलेल्या शिरोडे येथील मिठागरांवर सत्याग्रह झाला आणि सत्याग्रहींनी लाठ्या खाल्ल्या. (शिरोडे आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे, जिल्ह्याचे विभाजन १ मे १९८१ रोजी झाले.) ज्या वर्षी ‘स्वराज्य’ हा शब्द रस्त्यावर होता आणि ध्वज लावणे हा गुन्हा ठरत होता त्याच वर्षी हे नाव व शेवटी ध्वजारोहण असलेला चित्रपट मुंबईच्या मंडळापुढे गेला. मंडळाला हरकत घेण्यासाठी फारसा शोध करावा लागला नसावा.

कोल्हापूर हे संस्थान. तेथे चित्रपट बनविण्यास मुंबईच्या मंडळाची परवानगी लागत नव्हती. पण मुंबई–पुण्याचे प्रेक्षक नसतील तर चित्रपट बनवायचा कशासाठी? एक वर्षाची कंपनी, उसनवारीचे भांडवल, रिळात अडकलेले महिन्यांचे श्रम. अशा स्थितीत तडजोड झाली. नाव बदलून ‘उदयकाल’ झाले आणि शेवटचा ध्वज चढविण्याचा प्रसंग वगळण्यात आला. या तडजोडीबद्दल प्रभातकरांना दोष देणे सोपे असले तरी अन्यायाचे आहे. त्यांच्यापुढे दुसरा पर्याय चित्रपट डब्यात बंद ठेवण्याचा होता, आणि तसे झाले असते तर कदाचित पुढचा ‘अयोध्येचा राजा’ही झाला नसता.

आता या दोन बदलांनी कथेचे काय केले ते पाहू. ‘उदयकाल’ हा शब्द सुंदर आहे, पण तो निरुपद्रवी आहे. उदय कोणाचा, कशाचा, हे तो सांगत नाही. सूर्याचा उदय कोणी घडवून आणत नाही, तो होतो. तोरण मात्र कोणीतरी बांधावे लागते. म्हणजे नावाच्या बदलाने कर्तृत्वाची कथा काळाच्या हवाली केली गेली. शेवट गेल्यामुळे तर मूळ वचनच अपुरे राहिले. मावळे जमले, शपथा झाल्या, लढाई झाली, गड हाती आला; परंतु गड हाती आल्याची जी खूण प्रत्येक प्रेक्षक डोळ्यांत प्राण आणून पाहत असतो ती खूणच नाही. युद्धपटात ध्वज हे शोभेचे कापड नसते, ते वाक्याच्या शेवटचे क्रियापद असते. क्रियापद गाळलेल्या वाक्याचा अर्थ मराठी श्रोता अंदाजाने लावू शकतो, आणि १९३० च्या प्रेक्षकाने तो लावलाही असेल, कारण शिवचरित्र त्याला मुखोद्गत होते. पण अंदाजाने लावलेला अर्थ म्हणजे चित्रपटाने दिलेला अनुभव नव्हे.

मंडळाचा हेतू साधला का, हा प्रश्न वेगळा. ज्याला स्वराज्य हवे होते त्याने ते ‘उदयकाला’तही पाहिले असणार. या दृष्टीने कात्री निष्फळ ठरली असे म्हणण्याचा मोह होतो आणि चित्रपटविषयक लेखनात तसे अभिमानाने म्हटलेही जाते. परंतु यात एक हिशेब राहून जातो. राजकीयदृष्ट्या निष्फळ ठरलेली कात्रीसुद्धा कलादृष्ट्या सफल ठरू शकते. तिने राज्य वाचविले नाही, चित्रपट मात्र अधू केला. प्रभातला नावांबाबत पुन्हा एकदा असा अनुभव आला. संत एकनाथांवरील, बालगंधर्वांची भूमिका असलेल्या १९३५ च्या चित्रपटाचे ‘महात्मा’ हे नाव गांधीजींच्या संदर्भामुळे मान्य झाले नाही आणि तो ‘धर्मात्मा’ म्हणून प्रदर्शित झाला. मात्र तेथे कथानकाचा भार नावावर टेकलेला नव्हता. ‘तोरणा’च्या बाबतीत तो होता.

चिनी साहसमालिकेचा दाखला

वरील विवेचन गतकालीन परकीय राजवटीपुरते मर्यादित नाही हे दाखविण्यासाठी चीनमधील एका मालिकेचा उल्लेख उपयुक्त ठरेल. ‘दाओमू बीजी’ म्हणजे ‘थडगेचोरांच्या टिपणवह्या’ ही नानपाय सानशू या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाची कादंबरीमाला २००६ पासून तेथे अतोनात लोकप्रिय झाली. प्राचीन थडगी फोडून मौल्यवान वस्तू पळविणाऱ्या घराण्यातला तरुण वू शिए हा तिचा नायक. जमिनीखालचे भुलभुलैये, सापळे, प्रेते, अनाकलनीय शक्ती हे तिचे वैभव. तिच्यावरील मालिका २०१५ साली आली.

चीनमध्ये मालिकेला प्रसारणापूर्वी परीक्षणातून जावे लागते, आणि अंधश्रद्धेचा प्रसार व गुन्ह्याचा गौरव या दोन्ही गोष्टी तेथे वर्ज्य आहेत. परिणाम असा झाला की थडगेचोरांची कथा थडगेचोरीवाचून सांगण्याची पाळी आली. पडद्यावरील वू शिए पुरातन वस्तूंच्या रक्षणासाठी धडपडतो आणि सापडलेली वस्तू राष्ट्राकडे सुपूर्द करण्याची भाषा करतो. प्रेक्षकांनी या वाक्याची इतकी थट्टा केली की ते विनोदाचे वाक्य म्हणून रूढ झाले. ही थट्टा वरवरची मानू नये. ज्याला वस्तू घ्यायची नाही तो जीव धोक्यात घालून अंधाऱ्या भुयारात का उतरतो, हा प्रेक्षकाचा प्रश्न रास्त होता. लोभ, कुतूहल आणि घराण्याचा वारसा ही मूळ कारणे गेली. त्यांच्या जागी आलेला नागरी सद्गुण कथेच्या वजनाला पुरा पडला नाही. चोराचा पुराणवस्तुसंरक्षक झाला, पण भुयार चोरासाठी खणलेले होते.

तेथील मालिकांत संवाद बहुधा चित्रीकरणानंतर स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित होतात, त्यामुळे परीक्षकाची सूचना आली की नटाचे ओठ तेच ठेवून शब्द बदलता येतात. मूकपटातील पाटीचाच हा नवा अवतार म्हणावयास हरकत नाही. फरक एवढाच की कोल्हापूरच्या चित्रपटापाशी शिवचरित्राचे कवच होते. चिनी मालिकेच्या कथेला तसे पौराणिक वा ऐतिहासिक पाठबळ नाही. कादंबरी वाचलेला प्रेक्षक गाळलेल्या जागा भरतो. न वाचलेला, विशेषतः परदेशातला, मालिका विस्कळीत आहे असे म्हणून सोडून देतो. लेखकाला नीट कथा रचता येत नाही असा त्याचा समज होतो.

आधीची मर्यादा आणि नंतरची कात्री

यावर एक आक्षेप येण्यासारखा आहे. नियंत्रणामुळेच कलावंत रूपकाकडे वळतो आणि त्यातून चांगली कला जन्मते. ‘कीचकवध’ हेच त्याचे उदाहरण नव्हे काय? या आक्षेपात तथ्य आहे, परंतु त्यात दोन भिन्न गोष्टींची गल्लत होते. लेखनापूर्वी ठाऊक असलेली मर्यादा आणि लेखनानंतर आलेली कात्री या एक नव्हेत.

रत्नागिरीचेच उदाहरण घ्यावे. स्वातंत्र्यवीर सावरकरांना ६ जानेवारी १९२४ रोजी येरवड्याहून सोडण्यात आले ते रत्नागिरी जिल्ह्याबाहेर न जाण्याच्या व राजकारणात भाग न घेण्याच्या अटीवर. ही स्थानबद्धता १९३७ पर्यंत चालली. या काळात त्यांनी ‘उःशाप’ (१९२७), ‘संन्यस्त खड्ग’ (१९३१) आणि ‘उत्तरक्रिया’ (१९३३) ही नाटके लिहिली. ‘संन्यस्त खड्ग’ मास्टर दीनानाथांच्या बलवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले. त्यात शाक्यांच्या काळातील शस्त्रसंन्यासाचा प्रश्न आहे, आणि १९३१ च्या प्रेक्षकाला तो प्रश्न कोणाविषयीचा आहे हे कळत होते. नाटकातील विचाराशी कोणी सहमत असो वा नसो, त्याची बांधणी एकसंध आहे हे मान्य करावे लागते. कारण लेखकाने राजकारणबंदीची भिंत आधीच लक्षात घेऊन घर बांधले. ज्याचे घर बांधून झाल्यावर खांब काढला जातो त्याची गोष्ट वेगळी.

कोकणच्या लोकरंगभूमीकडे पाहिले तर या प्रश्नाची तिसरी बाजू दिसते. रत्नागिरीतील नमन-खेळे आणि दक्षिण कोकणातील दशावतार यांत पारंपरिकपणे संवाद लिहिलेले नसतात. कथासूत्र ठरलेले, गण–गौळण ठरलेली. बाकी सोंगाच्या तोंडी त्या रात्री, त्या गावाला साजेल ते येते. संकासुराने गावच्या पुढाऱ्याला काय टोमणा मारावा हे कोणत्याही वहीत सापडत नाही. नाटकाचे पूर्वपरीक्षण स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्रातही चालू राहिले. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याखालील (आताचा महाराष्ट्र पोलीस कायदा) नियमांनुसार प्रयोगापूर्वी संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. पण जिथे संहिताच नाही तेथे कात्री कशावर चालवायची? लिखित नाटकाला जी प्रतिष्ठा मिळाली तिची किंमत त्याने परीक्षकाच्या टेबलावर मोजली, आणि अलिखित नमनाला ती प्रतिष्ठा मिळाली नाही म्हणून ते मोकळे राहिले. गावातील मानकऱ्यांचा धाक असतोच, त्याबद्दल भ्रम नको. पण तो धाक रात्रीपुरता असतो, शाईने लाल खुणा करून ठेवीत नाही.

संपूर्ण कृती पाहण्याचा आग्रह

स्वातंत्र्यानंतर न्यायालयांनी या विषयात जी भूमिका घेतली ती बांधणीच्या अंगाने वाचण्यासारखी आहे. विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ला १९७२ साली परिनिरीक्षण मंडळाने हरकत घेतली, तेव्हा कमलाकर सारंग यांनी सुचविलेली काटछाट निमूटपणे न स्वीकारता उच्च न्यायालयाची वाट धरली. तो लढा श्लीलतेच्या अंगाने लक्षात राहिला आहे. पण सारंगांना ठाऊक होते की सखारामची भाषा काढली तर सखारामच उरत नाही.

दूरचित्रवाणी मालिकेच्या बाबतीत ‘तमस’चे प्रकरण अधिक जवळचे आहे. भीष्म साहनी यांच्या कादंबरीवरील गोविंद निहलानी यांची ही मालिका दूरदर्शनवर सुरू असताना ती थांबविण्याची मागणी १९८८ साली मुंबई उच्च न्यायालयात आली. न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी संपूर्ण मालिका पाहिली आणि प्रसारणास अनुमती दिली. सर्वोच्च न्यायालयानेही तीच भूमिका उचलून धरली. एखादे दृश्य सुटे काढून ते प्रक्षोभक आहे काय असा प्रश्न विचारला तर उत्तर बहुधा ‘होय’ असेच येते. सबंध कथा पाहिली तर तेच दृश्य कशासाठी आले आहे हे कळते. मालिकेत तर हा मुद्दा दुप्पट लागू पडतो. आठवड्याच्या अंतराने भाग पाहणाऱ्या प्रेक्षकाच्या हाती मागील भागातील कारणाचा धागाच तेवढा असतो, आणि तोच तुटला तर पुढच्या भागात त्याला केवळ अनोळखी माणसे धावताना दिसतात.

‘उदयकाला’ला असा सबंध पाहणारा परीक्षक मिळाला नाही. आपल्याकडील मूकपटांपैकी, ज्यांची संख्या तेराशेच्या आसपास धरली जाते, अगदी थोडे आज टिकून आहेत. त्यामुळे चित्रपटाच्या इतिहासकाराला बहुतेक वेळी नावे, वर्षे आणि जाहिराती यांवरच भिस्त ठेवावी लागते. अशा वेळी नोंदीत कोणते नाव पुढे येते यालाही महत्त्व प्राप्त होते. प्रभातच्या चित्रपटांच्या याद्यांत हा मूकपट ‘उदयकाल’ म्हणूनच नोंदलेला असतो. ‘स्वराज्याचे तोरण’ हे नाव आले तर ते कंसात येते.